तोंडाच्या कर्करोगात पेरिन्यूरल इन्व्हेजन शोधताना एस-१०० कधी लावावं, कधी नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. ओरल पॅथॉलॉजीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातल्या एका विद्यार्थिनीने विचारलंय की तोंडाच्या स्क्वॅमस सेल कार्सिनोमात पेरिन्यूरल इन्व्हेजन (पुढे पीएनआय), म्हणजे मज्जातंतूभोवती किंवा मज्जातंतूत शिरलेला ट्यूमर, नेहमीच्या एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या रोजच्या स्टेनच्या) स्लाइडवर बरेचदा निसटतो असं वाचनात आलं. मग प्रत्येक केसला एस-१०० (मज्जातंतूतलं एक प्रथिन रंगवणारा खास स्टेन) लावायला हवं का? आणि एच अँड ईवर काही दिसलं नाही पण एस-१०० वर दिसलं, तर रिपोर्टात काय लिहायचं?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. प्रत्येक केसला लावू नका. निवडक केसेसना मात्र न चुकता लावा, आणि लावण्याआधी त्याच एच अँड ई स्लाइड पुन्हा एकदा, फक्त मज्जातंतू शोधायचे एवढंच डोक्यात ठेवून पाहा. एस-१०० आपल्याला मज्जातंतू कुठे आहे ते दाखवतं. ट्यूमरने त्याच्यावर आक्रमण केलंय की नाही, हे ते सांगत नाही. तो निर्णय तुमचाच राहतो. पुढे जे काही लिहिलंय ते सगळं या एका फरकाभोवती फिरतं.

रिपोर्टातल्या पीएनआयच्या एका ओळीसाठी सर्जन मागे का लागतात ते पाहा. ऑपरेशननंतर पॉझिटिव्ह मार्जिन (कापलेल्या कडेवर ट्यूमर) असेल किंवा गळ्यातल्या गाठीचं (लिम्फ नोडचं) कवच फोडून ट्यूमर बाहेर आला असेल, तर रेडिएशनबरोबर केमोथेरपी द्यायची, हे युरोप आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २००४ मध्ये आल्यापासून बहुतेक ठिकाणी रूढ आहे. पीएनआय त्याच्या खालच्या पायरीवर येतो. तो असेल तर रेडिएशनचा विचार करावा, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आता एखादा लहान ट्यूमर घ्या. मार्जिन मोकळे, गाठी निगेटिव्ह. अशा रुग्णाला रेडिएशन द्यायचं की नाही, हे कधी कधी निव्वळ पीएनआयच्या ओळीवर ठरतं. साधारण साठ ग्रे, सहा आठवडे. आपल्याकडच्या रुग्णांपैकी अनेकांचं तोंड सुपारी-गुटख्याने झालेल्या सबम्यूकस फायब्रोसिसमुळे आधीच दोन बोटांपलीकडे उघडत नसतं. त्यात रेडिएशनने येणारा कोरडेपणा, आणखी आवळणारा जबडा आणि हाड कुजण्याचा धोका. म्हणून 'नसलं तरी आहे म्हणून टाकू, सुरक्षित राहील' ही सवय मला मान्य नाही. 'आहे' चुकीचं लिहिल्याची किंमतसुद्धा रुग्णच मोजतो.

एक गोंधळ इथेच दूर करून टाकतो, कारण परीक्षेत आणि ट्यूमर बोर्डात (उपचार ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बैठकीत) दोन्हीकडे तो ऐकू येतो. एजेसीसीच्या (कर्करोगाच्या टप्प्यांचे नियम ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या) आठव्या आवृत्तीत तोंडाच्या कर्करोगाच्या टी वर्गात (मूळ ट्यूमरच्या व्याप्तीच्या श्रेणीत) आक्रमणाची खोली आली, पाच आणि दहा मिलिमीटरच्या सीमा आल्या. पीएनआय मात्र त्यात नाही. ०.१ मिलिमीटर किंवा त्याहून जाड तंतू बाधित असेल तर टी-३, हा नियम त्वचेच्या स्क्वॅमस कार्सिनोमाचा आहे. तोंडाच्या आतल्या ट्यूमरला तो लावायचा नसतो.

व्याख्येबद्दल. १९८५ मध्ये बॅटसाकिस यांनी मज्जातंतूच्या आत, भोवती आणि त्यामधून ट्यूमर पसरणं अशी सैलसर मांडणी केली. २००९ मध्ये लीबिग आणि सहकाऱ्यांनी ती आवळली. मज्जातंतूच्या तीन आवरणांपैकी कुठल्याही आवरणात ट्यूमरच्या पेशी दिसल्या तर पीएनआय. किंवा ट्यूमर तंतूला खेटून असेल आणि त्याच्या परिघाचा किमान ३३ टक्के भाग त्याने वेढला असेल तर पीएनआय. नुसता शेजार पुरेसा नाही. जिभेच्या स्नायूत खोल शिरलेला ट्यूमर कुठल्या ना कुठल्या तंतूच्या शेजारी असणारच. ट्यूमरच्या मधोमध अडकलेल्या, चहूबाजूंनी गिळलेल्या तंतूबद्दल तज्ज्ञांमध्येही मतभेद आहेत. माझा कल असा, की ट्यूमरच्या पोटातला तंतू नोंदवावा, पण तो ट्यूमरच्या आत आहे हे स्पष्ट लिहावं. ट्यूमरच्या पुढच्या कडेपलीकडे, निरोगी दिसणाऱ्या ऊतीत एकट्याने पुढे गेलेलं पीएनआय ही वेगळी आणि जास्त काळजीची गोष्ट आहे.

आता तुमच्या मूळ शंकेकडे येतो. पीएनआय निसटतो, हे खरंय. २००५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या मंडळींनी तोंडाच्या कर्करोगाच्या जुन्या केसेस काढून तपासल्या. मूळ रिपोर्टात जितक्या केसेसमध्ये पीएनआय नोंदवला होता, त्याहून कितीतरी जास्त केसेसमध्ये तो सापडला. एस-१०० लावल्यावर आकडा आणखी चढला. हा अभ्यास 'एस-१०० लावा' यासाठी सर्रास दाखला म्हणून दिला जातो. पण त्यातली मधली पायरी वाचणारे कमी. एस-१०० लावण्याआधी, त्याच जुन्या एच अँड ई स्लाइड नुसत्या पुन्हा पाहिल्या, तेव्हाच मोठी वाढ झाली होती. स्टेन तोच आणि काचही तीच होती, फक्त पाहणारा या वेळी तंतू शोधायला बसला होता. मला यातून मिळणारा धडा असा, की आपल्या हातून सुटणारं बरंचसं पीएनआय स्टेनअभावी सुटत नाही, ते घाईमुळे सुटतं. रोजच्या कामात आपण प्रकार, ग्रेड, खोली, मार्जिन आणि गाठी यांच्या मागे असतो, आणि पीएनआयची चौकट टाइप करताना शेवटी आठवते.

तर आधी एच अँड ई नीट कसं पाहायचं ते सांगतो. दहाच्या ऑब्जेक्टिव्हवर ट्यूमरच्या आक्रमक कडेने फिरा. मधला भाग सोडा, कड आणि तिच्यापलीकडचा मोकळा पट्टा घ्या. मज्जातंतू सहसा धमनीच्या सोबतीने जातात, म्हणून जाड भिंतीची लहान धमनी दिसली की थांबा आणि तिचा शेजार पाहा. ही एकच सवय लावून घेतली तरी सापडण्याचं प्रमाण वाढेल. तंतूची केंद्रकं नागमोडी, टोकदार आणि बारीक असतात आणि पार्श्वभूमी फिकट असते. स्नायूचा गुलाबी रंग गडद असतो, केंद्रकं बोथट आणि कडेला, आणि नशीब असेल तर आडव्या रेषाही दिसतात. एखाद्या तंतूभोवती लिम्फोसाइट्सचं कडं दिसलं आणि ट्यूमर दिसला नाही, तर तिथे थांबून ब्लॉकचे आणखी खोल सेक्शन मागवा. हे कडं म्हणजे पीएनआय नव्हे, पण ट्यूमर पुढच्या काही सेक्शनमध्ये असण्याची ती खूण असू शकते.

आणि त्याहीआधी ग्रॉसिंग, म्हणजे नमुना कापून ब्लॉकसाठी तुकडे निवडणं. जो तंतू ब्लॉकमध्ये आलाच नाही, तो कुठल्याच स्टेनने सापडणार नाही. आपल्याकडे गाल आणि खालच्या हिरडीचे ट्यूमर जास्त, कारण तंबाखू-चुन्याची गोळी तिथेच धरून ठेवतात. म्हणजे खालच्या जबड्याचा तुकडा जोडून आलेले नमुने रोजचेच. अशा नमुन्यात दोन जागा चुकवू नका. एक, मेंटल फोरामेन, जिथून मेंटल नर्व्ह हाडाबाहेर येते. दुसरी, जबड्याच्या कालव्यातली इन्फिरिअर अल्व्हिओलर नर्व्ह आणि तिचं मागचं कापलेलं टोक. हे टोक नमुना डीकॅल्सिफिकेशनला (हाड मऊ करायला) टाकण्याआधीच चिमट्याने बाहेर ओढून, कापून वेगळ्या कॅसेटमध्ये टाका. ते स्वतंत्र मार्जिन आहे. हाडाबरोबर तीव्र नायट्रिक आम्लात दिवस काढलेल्या तंतूवर आयएचसी (एस-१०० सारखं प्रतिपिंडांनी करायचं स्टेनिंग) करून आलेल्या निगेटिव्ह निकालाला काही अर्थ नसतो. त्याऐवजी ईडीटीए या सौम्य द्रावणाला वेळ लागतो, सर्जन फोन करत राहतात, पण अँटिजेन (स्टेन ज्याला चिकटतो ते प्रथिन) टिकतं. जिभेचा नमुना असेल तर म्यूकोसाला काटकोनात काप घ्या आणि सगळ्यात खोल गेलेला काप पूर्ण ब्लॉक करा.

एवढं करूनही शंका राहिली, की एस-१००. श्वान पेशींमध्ये (तंतूतल्या अॅक्सॉनना वेढणाऱ्या पेशींमध्ये) हे प्रथिन भरपूर असतं, केंद्रकातही आणि सायटोप्लाझममध्येही. त्यामुळे डीएबी या रंगद्रव्याने तंतूचा गाभा तपकिरी उजळतो आणि दाट फायब्रोसिसमध्ये दबलेले, एच अँड ईवर नुसतेच गुलाबी धागे वाटणारे तंतूही उठून दिसतात. त्याची खरी कमाई ही आहे: डेस्मोप्लास्टिक स्ट्रोमातले (ट्यूमरभोवतीच्या दाट तंतुमय ऊतीतले) बारीक तंतू, लिम्फोसाइट्सच्या गर्दीत हरवलेले तंतू, ट्यूमरने जवळजवळ खाऊन टाकलेले आणि चार-दोन श्वान पेशींपुरते उरलेले तंतू. एक बारकावा ध्यानात ठेवा. तंतूभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी बसलेली पेरिन्यूरियमची पेशीरचना एस-१०० घेत नाही. म्हणून निरोगी तंतूत तपकिरी गाभा आणि भोवती न रंगलेली बारीक कडी दिसते. ट्यूमरच्या पेशी या कडीत किंवा तिच्या आत सापडल्या, तर वाद संपला. कडीच्या बाहेर असतील, तर परत ३३ टक्क्यांच्या हिशेबाला लागा.

मग पेरिन्यूरियमच रंगवणारा स्टेन का लावू नये, असं पुष्कळ विद्यार्थी विचारतात. ईएमए आणि ग्लट-१ पेरिन्यूरियमला घेतात, हे बरोबर. पण स्क्वॅमस कार्सिनोमा स्वतःच हे दोन्ही स्टेन जोरात घेतो. कडी आणि ट्यूमर एकाच रंगात, म्हणजे जो फरक पाहायचा तोच पुसला गेला. मला उपयोगी वाटते ती जोडी एस-१०० आणि (ट्यूमरच्या पेशी रंगवणाऱ्या) सायटोकेरॅटिनची. दुहेरी स्टेनची सोय असेल तर केरॅटिन लाल आणि एस-१०० तपकिरी, एकाच काचेवर. तंतूत शिरलेल्या दोन-तीन सुट्या ट्यूमर पेशी, ज्या एच अँड ईवर हिस्टिओसाइट म्हणून सोडून द्याल, त्या इथे लपू शकत नाहीत. सोय नसेल तर लागोपाठचे तीन सेक्शन घ्या: मधला एच अँड ई, एका बाजूचा एस-१००, दुसऱ्या बाजूचा एई-१/एई-३ हा केरॅटिनचा स्टेन. सेक्शन तीन-चार मायक्रॉनचे आणि कोटेड स्लाइडवर. टेक्निशियनला आधीच सांगा की एच अँड ई, एस-१०० आणि केरॅटिन लागोपाठच हवेत. मध्ये पंधरा सेक्शन ट्रिम करून फेकले, तर बारीक तंतू पुढच्या काचेवर असेलच याची खात्री नाही, आणि तुम्ही दोन वेगळ्या जागांची तुलना करत बसाल.

कंट्रोलसाठी वेगळी धावाधाव नको. त्याच स्लाइडवर ट्यूमरपासून दूर कुठेतरी निरोगी तंतू असतो. तो नीट रंगला नसेल तर बाकीचं वाचूच नका.

सापळे बरेच आहेत. एस-१०० फक्त तंतूंचं नाही. एपिथेलियममधल्या लँगरहान्स पेशी, मेलॅनोसाइट, चरबीच्या पेशी, लाळग्रंथीतल्या मायोएपिथेलियल पेशी, सगळे ते घेतात. गालाच्या नमुन्यात चरबी मुबलक असते, आणि ट्यूमरने चुरगाळलेली चरबी कमी पॉवरवर तंतूसारखी भासते. ट्यूमरच्या बेटांमध्ये विखुरलेले फांद्याफांद्यांचे तपकिरी ठिपके लँगरहान्स पेशींचे असतात. तिथे तंतूचा आकारच नसतो, पण नवशिका त्यांना 'तंतूचे अवशेष' म्हणून मोजून टाकतो. या बाबतीत सॉक्स-१० हा दुसरा स्टेन जास्त स्वच्छ आहे: फक्त केंद्रक रंगतं, लँगरहान्स आणि चरबी त्यातून वगळली जाते. लाळग्रंथीचा भाग मात्र तोही घेतो.

लाळग्रंथीवरून आठवलं. टाळूवरच्या अॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमात पीएनआय इतकं ठळक असतं की ते शोधायला स्टेन लागत नाही. तिथे एस-१०० लावलंत तर ट्यूमरच्या पेशीही रंगून निघू शकतात. पॉलीमॉर्फस अॅडिनोकार्सिनोमात तर ट्यूमर जवळपास सगळाच पॉझिटिव्ह येतो. तंतू आणि ट्यूमर वेगळे करायचे असतील तर अशा केसमध्ये न्यूरोफिलामेंट लावून अॅक्सॉन शोधा. आपला विषय स्क्वॅमस कार्सिनोमाचा आहे, म्हणून इथे एवढंच.

एक सापळा मात्र मला विस्ताराने सांगायलाच हवा, कारण गालाचे मोठे नमुने आपल्याकडे खूप येतात. ऑर्गन ऑफ चिव्हिट्झ. डेन्मार्कच्या चिव्हिट्झ यांनी १८८५ मध्ये त्याचं वर्णन केलं. गालाच्या मागच्या, खोल भागात, टेरिगोमँडिब्युलर रॅफीच्या आसपास ही एक जन्मजात, निरुपद्रवी रचना असते: स्क्वॅमॉइड दिसणाऱ्या पेशींची लहान लहान बेटं आणि त्यांच्याभोवती दाटीने बारीक मज्जातंतू. पाहणाऱ्याला ती ट्यूमरपासून दूर, खोल मार्जिनजवळ, तंतूंमध्ये शिरलेली कार्सिनोमाची बेटं वाटतात. फ्रोझनवर (ऑपरेशन चालू असताना गोठवून काढलेल्या सेक्शनवर) तर हमखास. आणि इथे एस-१०० लावलंत तर शंका दूर होण्याऐवजी पक्की होते, कारण केरॅटिन पॉझिटिव्ह बेटांना बिलगलेले तपकिरी तंतू अगदी पाठ्यपुस्तकातल्या पीएनआयसारखे दिसतात. इथे सोडवतो तो पेशींचा चेहरा. केंद्रकं एकसारखी, मायटोसिस नाही, केरॅटिनचे मोती सहसा नाहीत, भोवती डेस्मोप्लास्टिक प्रतिक्रिया नाही, बेटांच्या कडा गुळगुळीत आणि सगळी रचना एका आटोपशीर पट्ट्यात. खरा ट्यूमर भलताच पसरट आणि भेसूर असेल आणि फक्त या जागी सोज्वळ पेशी दिसत असतील, तर थांबा. चिव्हिट्झचा विचार केल्याशिवाय डीप मार्जिन पॉझिटिव्ह लिहू नका.

दुसरी तशीच जागा म्हणजे जुनी बायॉप्सी किंवा आधीच्या ऑपरेशनचा व्रण. तिथे तुटलेले तंतू वेडेवाकडे वाढून ट्रॉमॅटिक न्यूरोमा करतात. एस-१०० वर ही जागा लखलखते. त्यात ट्यूमरची बेटं शिरली असतील तर प्रत्येक तपकिरी धाग्याला पीएनआय म्हणायचं का? मी म्हणत नाही. जिथे आवरण शाबूत असलेला, ओळखू येणारा तंतू वेढलेला दिसेल, तेवढाच मोजतो.

मग निवडक केसेस कुठल्या? माझ्या विभागात साधारण असं चालतं. ट्यूमर लहान, गाठी निगेटिव्ह, मार्जिन मोकळे, एच अँड ईवर एखादी संशयास्पद जागा, आणि पीएनआयच्या उत्तराने उपचार बदलणार: इथे नक्की लावायचं. क्लिनिकल माहितीत हनुवटी किंवा खालचा ओठ बधिर असल्याची नोंद आहे आणि स्लाइडवर काही सापडत नाही: आधी ग्रॉसिंगकडे परत, मग लावायचं. विखुरलेल्या बेटांनी किंवा सुट्या पेशींनी पसरणारा ट्यूमर, ज्यात दाट फायब्रोसिसमुळे तंतू ओळखू येत नाहीत: लावायचं. या उलट एच अँड ईवर पीएनआय ठळक आहे, किंवा कवच फुटलेल्या गाठी आहेत आणि रेडिएशन-केमो ठरलेलंच आहे, तिथे एस-१०० चा खर्च कशासाठी? आयएचसीचं बजेट मर्यादित असलेल्या महाविद्यालयात हा हिशेब करावाच लागतो, त्यात कमीपणा नाही. तुमचा शोधनिबंध याच विषयावर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे सरसकट लावा, पण वाचणाऱ्या दोघांनी एकमेकांचे निकाल न पाहता वाचावं आणि त्यांच्यातली सहमती मोजावी. एस-१०० ने टक्केवारी वाढली एवढंच दाखवणारे प्रबंध भरपूर झाले.

आता सगळ्यात अवघड भाग. एच अँड ईवर नाही आणि एस-१०० वर आहे, तर? पीएनआयमुळे स्थानिक पुनरुद्भव वाढतो, जगण्याचं प्रमाण घटतं, हे ज्या अभ्यासांवर आपण शिकलो ते बहुतांश एच अँड ईवर पाहिलेल्या पीएनआयवर उभे आहेत. २००५ मधल्या ब्रँडवाइन-गेन्स्लर यांच्या जोखीम-गुणांकनात मोठ्या, एक मिलिमीटरहून जाड तंतूला तीन गुण होते आणि लहान तंतूला एकच. म्हणजे सगळं पीएनआय सारख्या वजनाचं नाही, हे आपल्याला केव्हापासून ठाऊक आहे. आता ज्या तंतूला ओळखायलाच खास स्टेन लागला, तो बहुधा अगदी बारीक, ट्यूमरच्या आत किंवा कडेशीच असणार. त्याला कालव्यातल्या जाड नर्व्हइतकं वजन देणं मला पटत नाही. पण लपवणंही पटत नाही. म्हणून मी ते वेगळ्या शब्दांत, कसं सापडलं त्यासकट लिहितो. नमुन्यादाखल: 'पेरिन्यूरल इन्व्हेजन: एच अँड ईवर निश्चित आढळले नाही. एस-१०० व केरॅटिन स्टेनवर, ट्यूमरच्या आक्रमक कडेशी, अंदाजे ०.१ मिमी व्यासाच्या एका तंतूच्या पेरिन्यूरियममध्ये ट्यूमर पेशी आढळल्या. एकच जागा.' पुढचं ट्यूमर बोर्डात ठरू दे. रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्टला या ओळीतून नेमकं काय सापडलं ते कळतं, नुसत्या 'आहे' या शब्दातून कळत नाही.

एच अँड ईवर सापडलेल्या पीएनआयलाही हीच शिस्त लावा. किती जागा, सगळ्यात जाड बाधित तंतूचा व्यास, ट्यूमरच्या आत की बाहेर, बाहेर असेल तर कडेपासून किती अंतरावर, आणि बाहेरच्या आवरणात की थेट एंडोन्यूरियमपर्यंत (सगळ्यात आतल्या आवरणापर्यंत). तंतूला नाव देता येत असेल, मेंटल किंवा इन्फिरिअर अल्व्हिओलर, तर ते नाव जरूर लिहा. अशा तंतूवरून ट्यूमर मागे कवटीच्या तळातल्या फोरामेन ओव्हेलकडे सरकू शकतो, आणि रेडिएशनचा आराखडा कुठपर्यंत न्यायचा ते त्यावर ठरतं. एमआरआय आधी झाला असेल तर रेडिओलॉजिस्टला तो याच प्रश्नासाठी पुन्हा पाहायला सांगता येतं.

शेवटी एक काम, ज्याला आयएचसीचा एक रुपयाही लागत नाही. तुमच्या विभागाचा रिक्विझिशन फॉर्म काढून पाहा. त्यावर वय, तंबाखूची सवय, ट्यूमरची जागा असतं. 'ओठ, हनुवटी किंवा जीभ बधिर वाटते का, मुंग्या येतात का, किती दिवसांपासून' अशी चौकट नसेल तर ती घाला आणि सर्जरीच्या रेसिडेंटना ती भरायची सवय लावा. पेशंटला विचारायचं ते मराठीत, साध्या शब्दांत: 'दाढी करताना हनुवटीला स्पर्श कळतो का?' ज्या फॉर्मवर याचं उत्तर 'नाही' असेल, त्या नमुन्याच्या ग्रॉसिंगला स्वतः उभ्या राहा.